आधी नियम, मग माप

नागपूरच्या मिहानमध्ये विमानाचे सुटे भाग बनतात, सॉफ्टवेअर लिहिले जाते. दोन शिलाई मशीनवर चालणाऱ्या धंद्याला तिथला सेझमधला (विशेष आर्थिक क्षेत्रातला) प्लॉट परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. पण मिहानला लागूनच खापरी मेट्रो स्टेशन आहे. तिथून गाडीत बसून राहाटे कॉलनीला उतरले की दीक्षाभूमी जवळच. आणखी पुढे सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेही इथेच. भिक्खुणी आणि स्त्री पाळक, दोघींचे कपडे शिवण्याचा विचार करायला महाराष्ट्रात नागपूरइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

या बाजारातली पहिली मागणी नोंदवली ती एका बाईनेच. बौद्ध संघाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातली गोष्ट आहे. भिक्खुणींना अचिरवती नदीवर विवस्त्र अंघोळ करावी लागते आणि घाटावरच्या गणिका त्यांची टिंगल करतात, हे श्रावस्तीच्या विशाखेच्या कानावर आले. तिने बुद्धांकडे आठ वर मागितले, त्यांतला एक भिक्खुणींना स्नानवस्त्र देण्याचा. म्हणून भिक्खूची चीवरे तीन आणि भिक्खुणीची पाच: बाहेरची संघाटी, वरचे उत्तरासंग, खालचे अंतरवासक, शिवाय स्नानाची उदकसाटिका आणि गळ्याच्या हाडाखालपासून बेंबीच्या वरपर्यंत झाकणारी संकच्चिका. शिंप्याने ही नावे पाठ केली नाहीत तर विहाराच्या दारात उभे राहू नये.

चीवर म्हणजे भगवे कापड कापून कडा दुमडल्या, इतके सोपे प्रकरण नाही. मगधातली बांध घातलेली शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला तसाच नमुना करायला सांगितले, असे विनय सांगतो. कापडाचे तुकडे करायचे, लांब आणि आखूड खंड जोडून उभ्या पट्ट्या तयार करायच्या, मध्ये बांधासारखी शिवण आणि भोवती किनार. पट्ट्या विषम, निदान पाच. अखंड पन्हा वापरून शिलाई वाचवणारा कारागीर इथे नापासच. रंगही परंपरेप्रमाणे बदलतो: तिबेटी परंपरेत किरमिजी, कोरियन परंपरेत राखाडी.

पाळकबाईंची अडचण निराळी. कॅसॉक हा पायघोळ झगा, पाळकाच्या कॉलरचा शर्ट, आल्ब हा पांढरा झगा, हे सारे शतकानुशतके पुरुषाच्या अंगावर बेतले गेले. तोच शर्ट बाईने घातला की छातीवर ताणतो, खांद्यावर लोंबतो आणि गरोदरपणात तर निकामीच ठरतो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४ साली पहिल्या स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली, तरी त्यांच्या मापाचे कपडे आपोआप आले नाहीत. ही उणीव हेरून कॅमेल डेली या फॅशन डिझायनरने ‘हाउस ऑफ इलोना’ हा खास पाळकबाईंच्या कपड्यांचा व्यवसाय उभा केला. इकडे २०१३ मध्ये पुष्पा ललिता चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या महिला बिशप झाल्या, तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला पहिली महिला बिशप २०२४ मध्ये फुलबनीच्या व्हायोलेट नायक यांच्या रूपाने मिळाली. गिऱ्हाईक वाढते आहे, पण सावकाश.

नागपूरच्या मे महिन्यात पॉलिस्टरचा झगा म्हणजे शिक्षाच. तिथे पातळ सुती कापड, मुंढ्यात मोकळीक, छातीला टक्स, पुढून बटणे आणि कॉलर-माइकचा डबा मावेल असा खिसा हवा. हा खिसा पुरुषांसाठी बेतलेल्या झग्यात कुणाला सुचत नाही, कारण त्यांचा झग्याखालच्या पँटचा खिसा हाताशी असतो. साडीवर झगा घालणाऱ्या बाईने डबा ठेवायचा कुठे? गळ्यात घालायच्या पट्ट्याचे, म्हणजे स्टोलचे, काम वर्षभर चालते: नाताळ आणि ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, एरवी हिरवा. सुरुवात स्टोलपासून करावी, कारण त्याला अंगाचे माप लागत नाही.

पैशाचा हिशेब मात्र भावनेने करू नये. एका शहरातल्या गिऱ्हाइकांवर हा धंदा चालणार नाही. माल राज्याबाहेर पाठवावाच लागेल, आणि त्यासाठी उलाढाल कितीही थोडी असली तरी सहसा जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के कर आहे, त्यावर थेट १८ टक्के. तेव्हा झग्याची किंमत सत्तावीसशे ठेवणे हा शुद्ध वेडेपणा. परदेशी पाठवायचे तर आयात-निर्यात कोड काढून टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून पार्सल जाते. मिहानच्या कार्गो हबचे स्वप्न त्यासाठी पाहावे लागत नाही.

चीवराचा हंगाम ठरलेला आहे. भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास, आश्विन पौर्णिमेला संपतो आणि त्यानंतरच्या कठिन चीवरदानाला कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभराचीच मुदत असते. गांधीबागेच्या बाजारातून कापड उचलायचे ते भाद्रपदातच.