रोगाचें नांव आणि त्याचा अंक

रुग्णालयांतून बरा होऊन घरीं येणाऱ्या मनुष्याबरोबर कागदांचें एक बाड येतें. त्यांत औषधांची यादी, रक्तलघवीच्या तपासणीचे अहवाल, पैशांच्या पावत्या आणि सर्वांत वर डिस्चार्ज कार्ड असतें. औषधांची यादी घरांतील मंडळी पुनःपुन्हां वाचतात. पावत्या घरांतील हिशेबी माणूस जपून ठेवतो. परंतु निदानाच्या पुढें पुष्कळदां एक अक्षर आणि दोन-चार आंकडे अशी जी बारीकशी खूण छापलेली असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. ही खूण म्हणजे त्या आजाराचा कोड, म्हणजे सांकेतिक अंक होय. तो कचेरीच्या सोयीसाठीं आहे, आपणांस त्याच्याशीं काय करावयाचें आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. औषधांना न जुमानणाऱ्या रोगजंतूंच्या बाबतींत ही समजूत घातक आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

अशा संकेतांचें आपणांस नावीन्य वाटण्याचें कारण नाहीं. दा व धा या रूपांच्या धातूंस पाणिनीनें ‘घु’ अशी संज्ञा दिली. ‘घु’ या अक्षरास स्वतःचा कांहीं अर्थ नाहीं; परंतु एकदां संज्ञा ठरली, म्हणजे त्या सर्व धातूंचा नियम एका अक्षरांत सांगतां येतो. नैयायिकांनींही शास्त्राची रीत सांगतांना उद्देश, लक्षण आणि परीक्षा असा क्रम लाविला आहे. प्रथम वस्तूचें नांव घ्यावें, मग तिचें लक्षण करावें, आणि मग तें लक्षण लागू पडतें कीं नाहीं हें तपासावें. नांवच घेतलें नाहीं तर पुढील दोन पायऱ्या चढावयाच्या कशा?

युरोपांत ही गोष्ट मृत्यूची गणती करतां करतां लोकांच्या ध्यानांत आली. लंडन शहरांत दर आठवड्यास मृतांच्या याद्या छापल्या जात. त्या याद्या चाळून जॉन ग्राँट या गृहस्थानें १६६२ मध्यें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें एक मार्मिक तक्रार केली आहे. मृताच्या घरीं जाऊन मरणाचें कारण ठरविणाऱ्या ज्या वृद्ध स्त्रिया नेमलेल्या असत, त्या मद्याचा पेला व थोडीशी लांच घेऊन लाजिरवाण्या रोगाचें नांव बदलून टाकीत. पुढें विल्यम फार यानें १८३९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या पहिल्या सरकारी मृत्यु-अहवालांत, एकाच रोगास अनेक नांवें व एकाच नांवाखालीं अनेक रोग, या गोंधळाकडे लक्ष वेधिलें. १८९३ मध्यें फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनीं सर्व राष्ट्रांना वापरतां येईल अशी मृत्यूच्या कारणांची सूची सादर केली. १९४८ मध्यें तिची सहावी आवृत्ति जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या हातीं घेतली व तींत मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ति १९९० मध्यें मान्य झाली. अकरावी २०१९ मध्यें मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. आय. सी. डी. या नांवानें डॉक्टर मंडळी जिचा उल्लेख करितात ती सूची हीच.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. जुन्या सूचींत रोग कोणत्या अवयवाचा व कोणत्या जंतूचा हें सांगितलें म्हणजे काम भागत असे. परंतु अँटिबायोटिक औषधें आलीं आणि त्यांच्या पाठोपाठ जंतूंचा हटवादीपणाही आला. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना १९४५ मध्येंच बजावून ठेविलें होतें कीं, औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतु मरणार नाहींत, उलट त्या औषधास सरावतील. स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा जंतु पेनिसिलिनला सरावला, म्हणून मेथिसिलिन हें नवें औषध निघालें. त्यासही दाद न देणारा जंतु इंग्लंडमध्यें १९६१ मध्यें आढळल्याचें प्रसिद्ध झालें. यासच संक्षेपानें एम. आर. एस. ए. म्हणतात. अशा वेळीं दोन रोगी एकाच न्यूमोनियानें आजारी असतात. एक नेहमींच्या औषधानें आठवड्यांत उठून बसतो आणि दुसरा तेंच औषध घेतां घेतां खंगत जातो. दोघांच्या कागदावर ‘न्यूमोनिया’ एवढेंच लिहिलें, तर ज्या गोष्टीनें दुसऱ्याचा प्राण संकटांत आला, तीच नेमकी कागदावरून नाहींशी होते.

अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून जी सूची चालूं आहे, तींत या भेदासाठीं निराळे अंक आहेत. एम. आर. एस. ए. मुळें झालेल्या न्यूमोनियास जे १५.२१२ हा अंक आहे. कारणीभूत जंतूचें नांवच न लिहिलेल्या न्यूमोनियास जे १८.९. त्याच जंतूमुळें रक्तांत विकार भिनून सेप्सिस झाला तर ए ४१.०२. इतर कांहीं विकारांत मूळ रोगाच्या अंकापुढें बी ९५.६२ हा अंक जोडून हा जंतु दर्शवितात. आणि इतर जंतूंनीं औषधांस केलेल्या प्रतिरोधासाठीं झेड १६ या वर्गांतील अंक आहेत. शिवाय आज रोग असणें, रोग नसून नाकांत किंवा कातडीवर जंतूचें नुसतें वास्तव्य असणें, आणि पूर्वीं कधीं रोग होऊन गेलेला असणें, या तिन्ही अवस्थांस वेगवेगळे अंक आहेत. हा भेद क्षुल्लक नव्हे. नुसत्या वास्तव्यास रोग समजलें तर निष्कारण औषध दिलें जाईल. आणि रोगास नुसतें वास्तव्य समजलें तर रोगी हातचा जाईल.

येथें एक बाब विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अंक घालणारा कारकून, ज्यास कोडर म्हणतात, तो स्वतः निदान करीत नाहीं व त्यानें तें करूंही नये. प्रयोगशाळेच्या अहवालांत जंतूचें नांव स्पष्ट असलें, तरी डॉक्टरानें आपल्या टिपणांत तो या आजाराचें कारण आहे असें लिहिल्यावांचून कोडरला तो अंक घालतां येत नाहीं. म्हणजे या साऱ्या डोलाऱ्याचा पाया डॉक्टरानें लिहिलेल्या एका ओळींत आहे. ती ओळ राहून गेली कीं अंक राहिला. अंक राहिला कीं गणती राहिली.

गणती राहिल्यानें काय बिघडतें, याचें उत्तर इंग्लंडनें दिलें आहे. तेथील मृत्युनोंदींसाठीं वापरल्या जाणाऱ्या अंकांवरून एम. आर. एस. ए. निराळा काढतां येत नसे. म्हणून सरकारी आंकडेखात्यानें मृत्युप्रमाणपत्रांवरील शब्दच शोधून काढिले. इंग्लंड व वेल्स मिळून १९९३ मध्यें ज्या प्रमाणपत्रांवर या जंतूचा उल्लेख होता तीं ५१ निघालीं. २००६ मध्यें तीं १,६५२ झालीं. यांतील कांहीं वाढ जंतूची व कांहीं वाढ डॉक्टर मोकळेपणानें लिहूं लागल्याचीही असावी, हें त्या खात्यानें प्रांजळपणें सांगितलें. परंतु आंकडा डोळ्यांसमोर आल्यावर स्वस्थ बसणें अशक्य झालें. रक्तांत हा जंतु सांपडल्यास रुग्णालयानें कळविलेंच पाहिजे, असा नियम २००१ मध्येंच झाला होता. २००४ मध्यें अशा रोग्यांची संख्या निम्म्यावर आणण्याचें ध्येय सरकारनें जाहीर केलें आणि हात धुण्याची मोहीम रुग्णालयांतून सुरू झाली. २०१२ मध्यें उल्लेखांची संख्या २९२ वर आली. तेथें उतार पडला तो हात धुण्यानें व दक्षतेनें. परंतु ही दक्षता जागी केली ती गणतीनें.

आपल्याकडेही नांवाची भीति नवी नाहीं. १८९६ मध्यें मुंबईस मांडवी भागांत ग्रंथिज्वराचे रोगी दिसूं लागले, तेव्हां डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ही प्लेगची सांथ आहे असें उघडपणें सांगितलें. अधिकारी मात्र आरंभीं तें नांव उच्चारण्यास कचरत होते. शंभराहून अधिक वर्षांनीं त्याच शहरांत या प्रकाराची आठवण व्हावी असा प्रसंग आला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी आढळल्याचें २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध केलें व त्यास ‘सर्वौषधप्रतिरोधी’ अशा अर्थाचें नांव दिलें. जानेवारी २०१२ मध्यें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें असें नांव मान्य सूचींत नाहीं असें कळविलें, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनींही तें नांव वापरूं नये असेंच ठरविलें. शास्त्रदृष्ट्या त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें; सर्व औषधांची तपासणी खात्रीलायक होत नाहीं, आणि उद्यां नवें औषध निघालें कीं ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ बदलतो. परंतु या वादाचें एक चांगलें फळ असें कीं, रोगाकडे साऱ्या देशाचें लक्ष वेधलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारास कळविणें खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झालें.

२०२२ च्या आरंभीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक मोठा जागतिक अंदाज छापून आला. २०१९ या एका वर्षांत जंतूंच्या प्रतिरोधामुळेंच झालेले मृत्यु सुमारें १२ लाख ७० हजार, आणि ज्यांच्या आजारांत असा जंतु होता असे मृत्यु सुमारें ४९ लाख ५० हजार. ‘त्यामुळें मेला’ आणि ‘तो असतांना मेला’ या दोन वाक्यांत किती लाख माणसांचें अंतर आहे पहा! हें अंतर कमी करणें केवळ गणितज्ञांच्या हातीं नाहीं; प्रत्येक रोग्याच्या खाटेशीं कोणी काय लिहिलें यावर तें अवलंबून आहे.

आपल्या देशांत मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर तात्कालिक कारण, त्याच्या मागचें कारण व सर्वांच्या मुळाशीं असलेलें कारण अशा ओळी क्रमानें भरावयाच्या असतात, आणि हृदय बंद पडणें यासारखी मरणाची केवळ रीत लिहूं नये अशी सूचनाही त्यावर असते. हृदय तर प्रत्येकाचेंच शेवटीं बंद पडतें! तरीही अशीं उत्तरें लिहिलीं जातात. याचा सर्व दोष डॉक्टरांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. ‘क्षय’ हा शब्द कागदावर येऊं नये, घरांत लग्नाच्या मुली आहेत, अशी गळ घालणारे आपणच असतों. ग्राँटच्या काळच्या त्या लांच घेणाऱ्या म्हाताऱ्यांस आपण हंसावें, आणि तीच लपवाछपवी कुलाच्या अब्रूच्या नांवाखालीं करावी, हें शोभणारें नाहीं. गणतीसाठीं जंतूचें नांव लागतें. रोग्याचें नांव चव्हाट्यावर मांडावें लागत नाहीं. रोग्याची गुप्तता राखणें हें डॉक्टराचें व रुग्णालयाचें कर्तव्यच आहे.

तेव्हां कुटुंबांतील कर्त्या मंडळींस आमची विनंति अशी. गंभीर आजारांत अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीं कल्चरसाठीं नमुना घेतला आहे काय, हें डॉक्टरांस नम्रपणें विचारावें. मात्र त्यासाठीं औषधास विलंब होऊं देऊं नये. जंतूचें नांव व कोणतीं औषधें त्यावर चालत नाहींत हें डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावें. तें कार्ड कल्चरच्या अहवालासह एका धारिकेंत ठेवावें आणि पुढील आजारांत नव्या डॉक्टरांस प्रथम तेंच दाखवावें. एकाचें उरलेलें औषध दुसऱ्यास देऊं नये, आणि क्षयाचें औषध डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज एक दिवसही थांबवूं नये. आपल्या घरांत जन्मपत्रिका पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्याची चाल आहे. ग्रहांच्या स्थानांस जितका मान मिळतो, तितकाच या चार आंकड्यांस मिळूं लागला, तर एखाद्या नातवाचा जीव तरी त्यांमुळें निश्चित वांचेल.