एअरब्रश धुवा, मगच शटर ओढा

शिवनेरी आपल्याच तालुक्यात, त्यामुळे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना राजुरीत गिऱ्हाईक असतंच. पण एका सीझनला मी रात्री एअरब्रश तसाच ठेवला आणि सकाळी नोझल जाम! ऑर्डर हातची गेली. नोझलचं भोक जेमतेम ०.३ मिमी, त्यात अ‍ॅक्रिलिक सुकलं की संपलं.

म्हणून रंग बदलताना कपात पाणी घालून कागदावर स्वच्छ फवारा येईपर्यंत मारा. रात्री क्लीनर फिरवा, सुई मागून काढा, टोकाच्या दिशेने पुसा. टोक वाकलं तर रंग शिंतोडतो. अख्खा ब्रश क्लीनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले रबरी वायसर खराब होतात. कंप्रेसरच्या फिल्टरमधलं पाणीही सोडा.

५-१० मिनिटांचं काम, पण त्यावर अख्खा सीझन टिकतो.