लेसर शलाकेचा आकार आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. अंदाजित खर्च २,६०० कोटी रुपये आहे. वेधशाळेच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. गुरुत्वीय लहर आली असता भुजेच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो. तो मोजण्याचे साधन म्हणजे लेसर शलाका.

शलाकेचा छेद

लेसरचा प्रकाश दोन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन प्रबळ होतो. ही शलाका आडवी छेदून पाहिली असता मध्यभागी तेजस्वी व कडेकडे मंद होत जाणारा एकच गोल ठिपका दिसणे इष्ट असते. तथापि त्याच आरशांमध्ये दोन, चार वा अधिक ठिपक्यांचे आकारही निर्माण होऊ शकतात. असा मिश्र प्रकाश लहानशा बिंदूवर नीट एकवटत नाही. वेधशाळेत तर तो संकेतात भर न घालता केवळ गोंगाट वाढवितो.

आकारावर नियंत्रण

हे अनिष्ट आकार गोल ठिपक्याहून अधिक पसरट असतात. म्हणून आरशांमध्ये योग्य व्यासाचे छिद्र असलेली चकती ठेवली, म्हणजे ते कडेला अडतात. लायगोमध्ये याहून काटेकोर व्यवस्था असते. तीन आरशांच्या त्रिकोणी मार्गात प्रकाश फिरविला जातो. मार्गाची लांबी अशी राखतात की, केवळ गोल ठिपक्याच्याच लहरी एकमेकींना पूरक ठरून पुढे जातात. इतर आकार मागे परतविले जातात.

भुजांतील आरसे प्रखर प्रकाशाने तापून मध्यभागी किंचित फुगतात व शलाकेचा आकार बिघडतो. यास्तव आरशाभोवती तापविणारे कडे बसवून त्याची वक्रता पूर्ववत् करतात.

परिसराची जबाबदारी

आरसा अल्पसा कलला, तरी गोल ठिपक्यात दुहेरी ठिपक्याचा अंश मिसळतो. जमिनीची कंपने हे कलण्याचे एक कारण होय. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. त्यांपैकी लिव्हिंग्स्टन येथील उपकरणांना जवळपासची वृक्षतोड व रेल्वेगाड्या यांच्या कंपनांचा उपसर्ग झालेला आहे. औंढा परिसरातील रस्ते, दगडखाणी व खडी केंद्रे यांचे नियोजन करताना ग्रामपंचायतींनी ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शलाकेची शुद्धता राखण्याचे कार्य प्रयोगशाळेत होत असले, तरी त्याचा आरंभ कुंपणाबाहेरच होतो.