अनुसूचीबाहेरचे नुकसान

भिलाईत पोलाद वितळू लागले १९५९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावरील अपघातात गमावलेल्या अवयवांचे मोल ठरवून ठेवले होते. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. चेहरा अतिशय विद्रूप झाल्यास १०० टक्के. सेवेत असताना ही अनुसूची मी अनेकदा चाळली. रुक्ष असली, तरी शरीराचे नुकसान मोजलेच पाहिजे, हे तिने मान्य केले होते. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या तिशीतील स्त्रीचे नुकसान मात्र आपण कोणत्या दप्तरात नोंदवतो?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडील रुग्ण साधारण दहा वर्षांनी तरुण असतात. या दहा वर्षांत फार काही सामावलेले असते: ठरू घातलेले लग्न, अंगावर पिणारे मूल, नुकता सुरू झालेला संसार. शस्त्रक्रियेमागोमाग केमोथेरपीने केस जातात, कित्येकींची पाळी थांबते, मातृत्वाचा प्रश्न अधांतरी राहतो. आरसा टाळला जातो, ओढणी नको तितकी ओढून घेतली जाते. नवरा जवळ येत नाही तो काळजीपोटी की किळसेने, हे तिला विचारवत नाही आणि त्याला सांगवत नाही. ‘जीव वाचला ना, मग झाले!’ हे घरचे वाक्य मायेचेच. पण त्यानंतर दुःख बोलून दाखवणे तिला कृतघ्नपणाचे वाटू लागते.

प्रत्येकीचा स्तन काढावाच लागतो असेही नाही. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांनी दाखवून दिले, की आरंभीच्या अवस्थेत केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास आयुर्मान तितकेच राहते. पण त्यासाठी वेळेवर निदान हवे आणि किरणोपचारासाठी काही आठवडे शहरात राहण्याची सोय हवी. बस्तरच्या आतल्या गावातून येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा निर्णय पुष्कळदा अंतरच घेऊन टाकते. आरोग्य प्रशासनाने हे अंतर आपल्या हिशेबात धरायला हवे.

अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून बजावले, की स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेने पुनर्रचनेचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च द्यावा. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ॲसिड हल्ल्याच्या पीडिता आहेत, म्हणजे विद्रूपतेची वेदना कायद्याला परकी नाही. या स्त्रियांचा स्वतंत्र उल्लेख मात्र त्यात नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीने बसवले खरे. पण शोक हा आजार नव्हे, आणि निदानाचा शिक्का बसल्यावरच समुपदेशन मिळावे ही अटही योग्य नव्हे.

कृत्रिम स्तन वाटून विषय मिटवण्याचा मोह प्रशासनाला होईल. मलाही झाला असता. अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी तो वापरायचे नाकारले, तेव्हा डॉक्टरांकडील परिचारिकेने त्यांना सुनावले, की त्यामुळे इतरांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो. लॉर्ड यांनी हा प्रसंग १९८० च्या आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. कुणाला पुनर्रचना हवी असेल, कुणाला सुती विणीचा हलका स्तन पुरेल, कुणाला काहीच नको असेल. विचारायचे ते तिलाच, आणि शस्त्रक्रियेपूर्वी.

टेरीझ लॅसर यांची शस्त्रक्रिया १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. पुढे त्या स्वतः वॉर्डांत जाऊन नव्या रुग्णांशी बोलू लागल्या. त्यांचे काम नंतर अमेरिकन कॅन्सर सोसायटीने स्वीकारले. भिलाईच्या सेक्टरांत बायका एकमेकींना वर्षानुवर्षे ओळखतात. यातून गेलेल्या एखादीला प्रशिक्षण आणि येण्याजाण्याचे भाडे देऊन आठवड्यातून दोनदा वॉर्डात बसवणे कोणत्याही रुग्णालयाला जड जाऊ नये. तिच्यासाठी पडदा असलेली एक खोली तेवढी लागेल.