आकाशांतून येणारा निरोप

२०२५ च्या गणेशचतुर्थीस आम्ही सर्व मंडळी मंडणगड तालुक्यांतील आमच्या मूळ घरीं जमलों होतों. थोरल्या बंधूंचा मुलगा व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. तो तेवढा नव्हता. आरतीच्या सुमारास त्याचा फोन यावयाचा, म्हणून माझ्या नातवास मोबाइल देऊन घरामागील टेकाडावरच्या कातळावर बसविलें होतें. आमची वाडी दोन डोंगरांच्या बेचक्यांत आहे आणि ‘रेंज’ म्हणून जी वस्तु आहे ती त्या एका कातळावर येते. (हा शब्द आतां आमच्या वहिनींच्याही तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्यास प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडींत मी पडत नाहीं.) थोड्या वेळानें मुलगा धांवत खालीं आला आणि म्हणाला, “आजोबा, काका बोलला! त्याच्याकडे अगदी स्पष्ट होतं, तुटत होतं ते आपल्याकडचंच.” काका त्या घटकेस अटलांटिक महासागरांत, जमिनीपासून चार-पांच दिवसांच्या वाटेवर होता!

या विसंगतीचें आम्हांस हंसूं आलें. वहिनींना मात्र आलें नाहीं. त्यांना पांच वर्षांपूर्वींचे दिवस आठवले असावेत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें आणि मंडणगड-दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा त्यानें आडव्या केल्या. विजेचे खांब गेले, तारा गेल्या, आणि मोबाइलचे मनोरे जेथें उभे राहिले तेथेंही मुके झाले. मनोऱ्यास वीज लागते; डिझेलचें यंत्र असलें तर तें तेल पुरेल तोंवर चालतें; आणि मनोऱ्यास बाकीच्या जगाशीं जोडणारी तार कोठें तरी उन्मळलेल्या झाडाखालीं तुटलेली असते. मी त्या वेळीं पुण्यांत टाळेबंदींत अडकलेला. पुतण्या जहाजावर, करार संपूनही त्याला उतरतां येत नव्हतें, कारण देशोदेशींचीं बंदरें खलाशांना बंद होतीं. त्या वर्षीं असे सुमारे चार लक्ष दर्यावर्दी अडकून पडल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

त्याच्या जहाजावर उपग्रहाची जोडणी होती. संथ, मोजूनमापून वापरावयाची, तथापि होती. वादळ कोणत्या प्रहरीं कोठें आहे याचा नकाशा त्याला माझ्याआधीं दिसत होता. “काका, ते आपल्या अगदी शेजारून गेलंय, घरचं काही कळलं का?” असें तो दिवसांतून चार वेळां विचारी, आणि मी दर वेळीं “अजून नाही रे,” म्हणें. असे पांच दिवस गेले. सहाव्या दिवशीं वाडींतील एक तरुण मोटारसायकलीवरून खेडपर्यंत आला आणि तेथून त्यानें कळविलें कीं, मागील पडवीचें छप्पर उडालें, माणसें सुखरूप आहेत. ज्याच्यापाशीं उपग्रह होता त्याच्यापाशीं बातमी नव्हती, आणि ज्यांच्यापाशीं बातमी होती त्यांना ती पाठविण्यास साधन नव्हतें. तेव्हांपासून या उपग्रहांच्या प्रकरणाची मीं जमेल तितकी माहिती करून घेतली. ती वाचकांपुढें ठेवीत आहें. विशेषतः ज्यांचें एक माणूस दूर आणि एक घर आडगांवीं आहे अशा कुटुंबांना ती उपयोगी पडावी.

विवाहांत वधूवरांस ध्रुव दाखवितात तो त्याच्या अचलपणामुळें. मनुष्यानें आकाशांत असेच अचल तारे बसविले आहेत. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून पूर्वाभिमुख फिरणाऱ्या वस्तूस एक प्रदक्षिणा घालण्यास पृथ्वीच्या स्वतःभोंवतींच्या फेऱ्याइतकाच वेळ लागतो. म्हणून खालून पाहणाऱ्यास ती एके ठिकाणीं खिळलेली भासते. अशा तीन ठाण्यांवरून जवळजवळ सर्व पृथ्वीवर संदेश पोंचवितां येतील, ही गोष्ट आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत मांडली, आणि १९६४ सालीं सिन्कॉम-३ या उपग्रहानें टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांचीं चित्रें समुद्रापलीकडे नेऊन दाखविलीं. आपल्याकडे जुन्नर तालुक्यांत आर्वी येथें जवळजवळ शंभर फूट रुंदीची तबकडी पुढें कांहीं वर्षांनीं उभी राहिली. पुणें जिल्ह्यांतील शेतांमधून ती दिसे तेव्हां शाळेच्या सहलींतील मुलें तिला ‘राक्षसाची परात’ म्हणत.

तथापि मला विशेष कौतुक वाटतें तें १९७५-७६ च्या प्रयोगाचें. विक्रम साराभाई यांनीं त्याची कल्पना पाहिली, पण प्रयोग पाहण्यास ते राहिले नाहींत. १९७१ च्या डिसेंबरांत ते वारले. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्यांत आली. त्या खेड्यांत बसविलेल्या दहा फुटी तबकड्या कशाच्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात त्या तारेच्या जाळीच्या! आपल्या लोकांनीं त्या स्वस्तांत केल्या आणि त्यांनीं काम दिलें. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, एवढी चुटपुट मात्र आहे.

आतां या ध्रुवपदावरच्या उपग्रहांचा दोष पाहूं. प्रकाश व विद्युल्लहरी सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवतात. आपला शब्द वर जाऊन खालीं येण्यास बहात्तर हजार किलोमीटर पडतात, म्हणजे पाव सेकंद. उत्तर परत येण्यास आणखी पाव. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. परंतु असें बोलणें ज्यानें केलें आहे तो जाणतो कीं, दोघेही एकदम बोलूं लागतात, दोघेही थांबतात, आणि मग दोघेही “बोल, बोल” म्हणतात. पत्र वाचण्यास त्यानें बाधा येत नाहीं. संभाषणास येते.

यावर उपाय निघाला तो उपग्रह खालीं आणण्याचा. अमेरिकेंतील स्पेसएक्स कंपनीनें मे २०१९ मध्यें आपल्या स्टारलिंक जाळ्याचे पहिले साठ उपग्रह सोडले. ते ५५० किलोमीटरांच्या आसपास फिरतात. मुंबई-गोवा रस्ता उभा केला तर त्याचें वरचें टोंक साधारण तेथें पोंचेल. त्या रस्त्याचें रुंदीकरण रेंगाळत असतां हजारों उपग्रह वर गेले, हें आम्हां कोंकणवासीयांस विसरतां येत नाहीं. इतक्या खालीं अंतर थोडें, म्हणून विलंबही नाममात्र. परंतु खालचा उपग्रह अचल राहूं शकत नाहीं. दीड तासाच्या थोडें वर त्याची प्रदक्षिणा पुरी होते, आणि आपल्या माथ्यावर तो कांहीं मिनिटेंच असतो. एक मावळतांना दुसरा उगवलेला हवा, दुसरा मावळतांना तिसरा. म्हणून ते हजारोंनीं लागतात.

मग छपरावरील तबकडीनें इतक्या वेगानें मान कशी फिरवावी? फिरवावीच लागत नाहीं. त्या सपाट पाटींत शेंकडों लहान अँटेना ओळीनें बसविलेल्या असतात, आणि प्रत्येकीस लहर किंचित् मागेंपुढें दिली कीं सर्वांची मिळून एक धार हव्या त्या दिशेस वळते. टाळकऱ्यांच्या रांगेंत एकानंतर एक टाळ वाजावा आणि नाद एका बाजूकडे सरकत गेल्यासारखा वाटावा, तसें कांहींसें. पाटी जागची हालत नाहीं, तिची दृष्टि मात्र सेकंदासेकंदास फिरते. म्हणूनच ती डोलणाऱ्या जहाजावर, धांवत्या गाडीवर किंवा विमानाच्या पाठीवरही काम करते.

जहाजांची कथा तर निराळी सांगण्यासारखी आहे. समुद्रावरील उपग्रह-संदेशांसाठीं इन्मारसॅट ही संस्था १९७९ सालीं स्थापन झाली. तिचा हेतु मुख्यतः संकटाची हांक किनाऱ्यास पोंचविणें हा होता. घरीं बोलणें ही चैन, आणि तिचा दर मिनिटागणिक खिसा कापणारा. पुतण्या नोकरीस लागला तेव्हां महिन्यांतून एकदां बंदरावरून फोन करी. आतां दर्यावर्दींच्या कामाविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारांत दुरुस्ती होऊन ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलांत आली आहे. तींत म्हटलें आहे कीं, शक्य तेथें मालकानें जहाजावर इंटरनेट पुरवावें आणि त्याचा आकार घेतलाच तर वाजवी असावा. कायद्यानें ही गोष्ट खलाशाच्या अन्नपाण्याच्या शेजारीं आणून बसविली, हें मला योग्य वाटतें.

आतां दोषांकडे वळूं, कारण जाहिरातींत ते सांपडत नाहींत. कालिदासाच्या यक्षानें मेघास दूत केलें. या नव्या दूताच्या वाटेंत मेघच आड येतो. या सेवांच्या लहरी एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या असतात. पावसाचा जाड थेंब त्यांना शोषतो व विखरतो. ढगांनीं फारसें बिघडत नाहीं, पण आषाढांतील कोंकणच्या धारांत जोडणी कांहीं वेळ गळते. दुसरें असें कीं, तबकडीस वीज लागते. एक-दोन छतपंख्यांइतकी पुरते. म्हणून सौर पाटी आणि बॅटरी यांवर ती चालूं शकते, पण ती सोय आधींच करून ठेवावी लागते. तिसरें म्हणजे उपग्रहाचा प्रसाद वाटून घ्यावयाचा असतो. पंगतींत तुपाची वाटी एकच. पान दहा असलीं तर धार सुटते, पांचशें असलीं तर थेंब. म्हणून हें साधन दाट शहरासाठीं नव्हे. विरळ वाड्या, डोंगर आणि समुद्र यांच्यासाठींच तें योग्य.

सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच आहे. हें आकाश कोणाचें? २४ जुलै २०२५ रोजीं स्टारलिंकच्या अंतर्गत यंत्रणेंत बिघाड होऊन जगभरची सेवा सुमारे अडीच तास बंद पडली; एका घरची चूक आणि सर्व खंडांत अंधार. आपण आपलें सर्व एकाच परक्या दोरीस बांधूं नये असें मला वाटतें. सुदैवानें दोरी एकच नाहीं. वनवेब ही कंपनी २०२० सालीं दिवाळखोरींत गेली, तेव्हां ब्रिटिश सरकार व आपल्याकडील भारती उद्योगसमूह यांनीं ती सोडविली. पुढें २०२२ त युक्रेनच्या युद्धामुळें रशियन अग्निबाणांची वाट बंद झाली, आणि तिचे बहात्तर उपग्रह आपल्या इस्रोनें दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्यें, श्रीहरिकोट्याहून वर नेले. ते १,२०० किलोमीटरांवर फिरतात. ज्या देशानें कोंबड्यांच्या जाळीवर आरंभ केला त्यानें दुसऱ्यांचे उपग्रह वाहून द्यावे, हें वाचून मीं वर्तमानपत्राचें तें पान जपून ठेविलें आहे.

जून २०२५ मध्यें स्टारलिंकला भारत सरकारचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें तिच्याशीं उद्देशपत्र केलें. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम यांसारख्या जिल्ह्यांतील शाळा, आरोग्यकेंद्रें व सरकारी कचेऱ्या जोडण्याचा त्यांत विचार आहे. क्रम अगदीं बरोबर आहे. तेथील गरज आमच्याहून मोठी. तरी वहिनींनीं बातमी ऐकून “आणि आपलं मंडणगड?” असें विचारलेंच. मनोरा उभारावा म्हणून आमच्या वाडीनें एका कंपनीस तीन अर्ज केले होते. एकाचीही पोंच आली नाहीं. तीस उंबरठ्यांसाठीं मनोरा परवडत नाहीं हें त्यांचें गणित मी समजूं शकतों, पोंच न देण्याचें नाहीं.

घरोघरीं तबकडी घेणें आमच्या वाडीस झेपणार नाहीं. मोबाइलच्या खर्चाच्या ती कितीतरी पट महाग पडते. परंतु देवळाच्या सभामंडपावर सर्वांची मिळून एक, खालीं बॅटरी, आणि तिची किल्ली एका जबाबदार माणसाकडे, असें करावें अशी बंधूंची सूचना आहे. चतुर्मासांत नंदादीपाचें तेल वाटून घेतात तसा मासिक खर्च वाटून घ्यावा. याला विरोध आहे तो दोघां-तिघांचा. मुलें देवळांत येऊन भलतेंच पाहत बसतील हें त्यांचें भय. तें भय अनाठायीं नाहीं, पण मुलें तें कातळावर बसूनही पाहतच आहेत.

डिसेंबरांत पुतण्या रजेवर आला. अंगणांत उभा राहून त्यानें मोबाइल आकाशाकडे धरून सावकाश गोल फिरविला. कोठें झाड वा डोंगर आड येतो याचें माप त्यांत निघतें म्हणे. आमच्या घराच्या दृष्टीनें निकाल असा निघाला कीं, डोंगर फारसे आड येत नाहींत. आड येतो तो वडिलांनीं लावलेला रायवळ आंबा. निसर्ग वादळांत बागेंतील सतरा माड पडले आणि तो एकटा उभा राहिला होता.

“एक फांदी काढली तरी पुरे होईल,” पुतण्या म्हणाला.

वहिनी ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं सूप खालीं ठेविलें. “भावोजी, त्याला सांगा, देवळावर बसवायची आहे ना ती? मग देवळावरच बसवा. आंब्याला हात लावायचा नाही. आणि वानरं कौलं फोडतात, त्यांचा आधी विचार करा.”

वानरांचा विचार अद्याप चालू आहे.