वाट्याचा शब्द 'युश्श'

'हक्क' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, हे आज खेड्यात कुणाच्या ध्यानातही नसते. बांधावरून भाऊबंदकी पेटली की तोच शब्द पहिला तोंडी येतो. हंगेरीत 'युश्श' या शब्दाची कथा अशीच आहे.

लॅटिन भाषेत 'यूस' म्हणजे कायदा, हक्क. हंगेरीचा राज्यकारभार शतकानुशतके लॅटिनमध्ये चाले. वेर्बोत्सी या कायदेपंडिताने देशाचा रूढीकायदा एकत्र केला. तो ग्रंथही लॅटिनमध्येच, १५१७ साली व्हिएन्नात छापला गेला. शेतकऱ्याला ती भाषा कळत नसे. पण वाटणीचा तंटा कुणाला चुकला आहे? कचेरीतला 'यूस' लोकांच्या तोंडी 'युश्श' झाला आणि त्याचा अर्थ वडिलोपार्जित मिळकतीतला न्याय्य वाटा असा रूढ झाला. कायद्याला तिकडे 'योग' हा वेगळा शब्द आहे.

१७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने कारभारात लॅटिनऐवजी जर्मन आणली. विरोध इतका झाला की १७९० मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. अखेर १८४४ च्या कायद्याने हंगेरियन राजभाषा झाली. मात्र त्याच राज्यातील स्लोव्हाक व रुमानियन रयतेला कचेरीची भाषा परकीच राहिली.

लॅटिन गेली, 'युश्श' टिकला. परका शब्द घेतल्याने भाषा बुडत नाही. आपल्या वाट्याचा कागद आपल्यालाच वाचता येत नाही, तेव्हा माणूस अडतो. सीमाभागातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको.