दुकानापासून माडीपर्यंत वाय-फाय : यंत्र घेण्याआधी भिंत पाहावी

शिरूर असो वा दौंड, पुढे दुकान आणि मागे किंवा माडीवर राहते घर, अशी आपल्या पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधवांची वहिवाट आहे. इंटरनेटची तार रस्त्याकडून येते, म्हणून जोडणी करणारा माणूस राउटर दुकानातच लावून जातो. गल्ल्यावर काम ठीक चालते. मात्र माडीवर शिलाई करणाऱ्या लेकीच्या मोबाईलवर गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना उघडत नाही, मागच्या गोदामातला कॅमेरा मधूनमधून बंद पडतो, आणि मुलांचा अभ्यास अर्ध्यावर थांबतो. मग कोणीतरी सांगतो म्हणून वाय-फाय वाढवणारे यंत्र आणले जाते. पैसे जातात, अडचण तशीच राहते. कोणी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आम्ही येथे व्यापाऱ्याच्या हिशेबाने मांडत आहोत.

आधी दोष कोठे आहे ते पाहावे

मोबाईल घेऊन राउटरजवळ उभे राहावे व वेग मोजावा. वेग मोजण्याची सोय मोबाईलवर मोफत मिळते. नंतर मागच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजावा. राउटरजवळच वेग कमी असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या तारेत, राउटरमध्ये किंवा आपण घेतलेल्या योजनेत आहे. तेथे वाय-फाय वाढवणारे कोणतेही यंत्र उपयोगी पडणार नाही. सेवा देणाऱ्याकडेच तक्रार करावी. राउटरजवळ वेग चांगला आणि आत गेल्यावर कमी, असे असेल तरच पुढचा विचार करावा.

भिंतीचा हिशेब

आपल्याकडचे बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते व भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न करणाऱ्या वाटा तीनच, क्रमांक १, ६ आणि ११. बाजारपेठेत दुकानाला दुकान लागून असते आणि प्रत्येकाचा राउटर याच तीन वाटांवर बोलत असतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान आहे, तिला जागाही मोकळी आहे. २०१८ साली केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरण्यास खुला केला. परंतु भिंत आली की ही लहर लवकर थकते.

जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत, लोखंडी सळ्यांचा स्लॅब, पत्र्याची शेड, दुकानाचे शटर, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी ही सारी लहरींना अडवतात. सुक्या कापडाचे तागे फारसे अडवत नाहीत. ज्या लोखंडी रॅकवर ते रचले आहेत, ती रॅक अडवते.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा आहे. राउटर कपाटातून किंवा गल्ल्याखालून काढून उंचावर, घराच्या मध्याकडे आणि शक्यतो जिन्याच्या तोंडाशी ठेवावा. स्लॅबमधून न जाणारी लहर जिन्याच्या पोकळीतून वर पोहोचते. फायबरची तार हलवताना तिला तीव्र बाक देऊ नये. आतली काच तुटते. इतके करून भागले तर एक पैसाही खर्च करू नये.

चार उपाय

पहिला, रिपीटर. हा सर्वांत स्वस्त. तो राउटरचे बोलणे ऐकतो आणि तेच पुन्हा मोठ्याने बोलतो. साधा रिपीटर ऐकणे आणि बोलणे एकाच लहरीवर करतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जेथे वाय-फाय येत नाही त्याच खोलीत लोक तो लावतात. जे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, ते तो पुढे काय सांगणार? राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, जेथे लहर अजून चांगली आहे, तेथेच तो लावावा. एका खोलीत मोबाईलवरून पैसे घेणे व निरोप पाहणे एवढेच काम असेल, तर हा पुरेसा आहे. कॅमेऱ्यांसाठी किंवा तीन मजल्यांसाठी नाही.

दुसरा, मेश. यात दोन-तीन सारखी यंत्रे एकमेकांशी जोडलेली असतात. घरभर एकच नाव राहते आणि माणूस फिरेल तसा मोबाईल जवळच्या यंत्राकडे वळतो. मोठ्या घराला हे सोयीचे, पण महाग. यंत्रांमध्ये दगडी भिंत किंवा स्लॅब आला तर त्यांचे आपसातले बोलणेही थकते. म्हणून शक्य असेल तेथे ही यंत्रेही तारेने जोडावीत.

तिसरा, तार टाकून दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट. आमच्या मते दगडी किंवा स्लॅबच्या घराला हाच उपाय सर्वांत भरवशाचा. लॅनची तार १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते आणि तिला भिंतीची पर्वा नसते. दुसऱ्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. त्यातली पत्ते वाटण्याची डीएचसीपी नावाची सोय बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा, आणि तार त्याच्या लॅनच्या खोबणीत लावावी. नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवावे, २.४ ची वाट मात्र वेगळी निवडावी.

चौथा, विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारी जोडी. हिची जाहिरात आकर्षक असते. परंतु आपल्याकडे दुकानाचा मीटर व्यापारी दराचा आणि घराचा मीटर घरगुती दराचा, असे दोन वेगळे मीटर पुष्कळदा असतात. मीटर किंवा फेज वेगळी असली की ही जोडी बहुधा नीट चालत नाही. परत घेण्याची हमी मिळाल्याशिवाय घेऊ नये.

तार घेताना माल पारखावा

पॉलिस्टरची भेसळ ओळखण्यासाठी आपण सूत जाळून पाहतो. लॅनच्या तारेतही अशीच भेसळ चालते. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, अशी तार शुद्ध तांब्याच्या नावाने विकली जाते. ती लवकर तुटते, आणि लांब अंतरावर जोडणी दगा देते. तुकडा घेऊन आतील तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी निघाली तर परत करावी. कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेली, शुद्ध तांब्याची तार मागावी. तारेतल्या आठही तारा जोडून घ्याव्यात. चारच जोडल्या तर वेग १०० मेगाबिटच्या वर जात नाही.

कारखाना गल्लीपलीकडे वेगळ्या इमारतीत असेल तर तांब्याची तार बाहेरून लोंबकळत नेऊ नये. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. अशा वेळी फायबर टाकावी. फायबरमधून वीज वाहत नाही. किंवा दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर बसणारी बिनतारी जोडी लावावी.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. वीज गेली की मुख्य राउटरला बॅटरी असते, पण माडीवरचा रिपीटर किंवा ॲक्सेस पॉइंट बंद पडतो. राउटरच्या व्होल्टला जुळणारी छोटी बॅटरी मिळते. ती दोन्हीकडे ठेवावी.

निवड कशी करावी

एकच खोली आणि हलके काम असेल तर रिपीटर. विटांचे मोठे घर असून तार टाकणे शक्य नसेल तर मेश. दगडी वाडा, स्लॅबची माडी, पत्र्याची शेड किंवा कॅमेऱ्यांचे काम असेल तर तार आणि ॲक्सेस पॉइंट. इमारती वेगळ्या असतील तर फायबर. खोक्यावर छापलेले चौरस फूट मोकळ्या जागेचे असतात, आपल्या घराचे नव्हे. खरेदीला जाण्यापूर्वी भिंती, मजले आणि मीटर कागदावर मांडून न्यावेत, म्हणजे विकणाऱ्याच्या सल्ल्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.